मदत हवी आहे : हेन्रिकुस, हाइनरिश, हिनरिश – एकच माणूस की तिघं?

धागाकर्ता
उत्तर-पश्चिम जर्मनीतल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचं मराठी भाषांतर करायचं आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत 'योहान हिनरिश', लग्नाच्या वहीत नुसता 'हाइनरिश' आणि एका लॅटिन नोंदीत 'हेन्रिकुस'. आई-वडील तेच. एकच माणूस धरू का? नावाचा मूळ अर्थ काय? आणि मराठीत 'हाइनरिख' लिहावं की 'हाइनरिश'?

कुळशोधक
रूपं तिन्ही एकाच नावाची आहेत. हेन्रिकुस हे लॅटिन, हिनरिश हे उत्तरेकडच्या बोलीतलं. घरात त्याचंच 'हिनर्क' होतं. लॅटिन नोंदीत 'हेन्रित्सी' दिसलं तर ती षष्ठी आहे, 'हेन्रिकुसचा'. ते वेगळं नाव समजू नका. 'योहान' गळल्याचीही काळजी नको. चारही भावांना पुढे योहान लावायचा आणि हाक शेवटच्या नावाने मारायची, अशी तिकडे सर्रास रीत होती.

गफलत होते ती दुसरीकडेच. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. त्यामुळे एकाच आई-बापाचे दोन हाइनरिश निघू शकतात. बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी क्रॉसची खूण आहे का बघा, पण ती प्रत्येक पाद्री करत नसे, म्हणून दफनाची वही चाळल्याशिवाय नोंदी जोडू नका. मृत्यूच्या नोंदीत बऱ्याचदा वय वर्षं-महिने-दिवस असं दिलेलं असतं. मृत्यूच्या तारखेतून ते वजा करून जन्मतारखेशी ताडा.

गाव ओस्टफ्रीसलांटमधलं (जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरचा प्रदेश) असेल तर 'हिनरिश्स' हे आडनाव नसून 'हिनरिशचा मुलगा' एवढंच असू शकतं. कायमची आडनावं घेण्याचा नेपोलियनचा हुकूम १८११चा, आणि त्यानंतरही जुनी पद्धत लगेच गेली नाही.

शब्दवेडा
मूळ रूप जुन्या जर्मनमधलं 'हाइमिरिख'. 'हाइम' म्हणजे घर. दुसरा भाग म्हणजे बलाढ्य, सत्ता असलेला. थोडक्यात घरधनी. या दुसऱ्या भागाचं आणि आपल्या 'राजा'चं मूळ एकच. जर्मनिक भाषांत तो केल्टिकमधून आला. फ्रीडरिश, डीटरिश, उलरिश यांतही तोच आहे.

९१९मध्ये पहिला हाइनरिश राजा झाला. सम्राट दुसरा हाइनरिश १३ जुलै १०२४ रोजी वारला, ११४६मध्ये संत ठरला; म्हणून नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा दिवस, १३ जुलै. मध्ययुगात हाइनरिश आणि कोनराड इतके झाले, की 'हिन्त्स उंड कुन्त्स' म्हणजे आपले सोम्यागोम्या! 'हिन्त्स'सारखंच 'हाइन्त्स' हेही हाइनरिशचं लघुरूप, पण विसाव्या शतकात ते स्वतंत्र नावही आहे. ते 'सुधारून' हाइनरिश करू नका.

नावातल्या शेवटच्या व्यंजनाच्या उच्चारासाठी 'य' म्हणताना जीभ असते तिथेच ठेवा आणि नुसता श्वास सोडा. देवनागरीत त्याला अक्षर नाही, 'श' त्यातल्या त्यात जवळचा. 'ख' शोभतो तो 'बाख'मध्ये, 'आ'नंतर. माझं मत 'हाइनरिश'. पहिल्या उल्लेखाला मूळ रोमन स्पेलिंग जरूर द्या.

धागाकर्ता
दफनाची वही मागवतो. एका ओळीत मात्र 'हाइनरिश' आहे की 'हिनरिश' तेच लागत नाही.

कुळशोधक
कुरेंट लिपी, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, असणार. तिच्यात 'ई' आणि 'एन' ही दोन्ही अक्षरं दोन-दोन उभ्या रेघांचीच दिसतात, 'आय' एका रेघेचं. मोठ्या 'एच'नंतर 'आर'पर्यंतच्या रेघा मोजा : पाच असतील तर हाइनरिश, तीन असतील तर हिनरिश. 'आय'च्या टिंबावर विसंबू नका, घाईत ते उजवीकडे सरकतं.