दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीच्या चहाला हवामानबदलाचा फटका बसतो आहे का?

सातारकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षे मी कोलकात्याच्या एका व्यापाऱ्याकडून दार्जिलिंगचा ‘फर्स्ट फ्लश’, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा मागवतो. पूर्वी मार्चअखेरीस पुडा हाती पडत असे. अलीकडे कधी एप्रिलचा मध्य उजाडतो, तर कधी माल कमी आल्यामुळे निम्मीच मागणी पुरी होते. कारण विचारले की ‘हवामान’ एवढेच उत्तर मिळते. पण त्या डोंगरांत पाऊस तर धो धो पडतो, मग टंचाई कसली? आणि उष्णता वाढत असेल, तर लागवड आणखी वर का नेत नाहीत?

डोंगरउतार
मी दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कुर्सियांगजवळच्या एका मळ्यात सात वर्षे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाऊस भरपूर पडतो हे खरे, पण त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि उतारावरून वाहून जातो. पहिली खुडणी त्या पावसावर होत नाही. थंडीत झुडपे झोपी जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला आणि हिवाळी पावसाच्या एक-दोन सरींनी जमीन ओली राहिली, की कोवळे कोंब फुटतात. रात्री गार असल्याने ते सावकाश वाढतात आणि त्या सावकाशीतच सुगंध साठतो. या सरी चुकल्या की कोंब येतो, पण थांबतो. टोकाची कळी न धरता शेवटचे पान उघडून निबर होते. बोटांत धरले तर वाकत नाही, कट्कन मोडते. तिथले कामगार अशा कोंबाला ‘बांझी’ म्हणतात, आपल्या ‘वांझ’ शब्दाचेच भावंड. ‘दोन पाने आणि एक कळी’ हा खुडणीचा नियम मग पाळायचा कसा?

कुर्सियांगच्या चहा संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ ते २०१२ या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तापमान ०.५१ अंश सेल्सिअसने वाढलेले आणि वार्षिक पाऊस सुमारे १५२ सेंटिमीटरने घटलेला आढळला. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) झपाट्याने वाढतो आणि पाने तांबूस पडतात.

दुसऱ्या खुडणीचेही असेच आहे. मे-जूनमधल्या त्या चहाचा प्रसिद्ध ‘मस्कटेल’ सुगंध तुडतुड्यांनी कोवळी पाने शोषल्यामुळे झुडपात जी रसायने तयार होतात, त्यांतून येतो. पाऊस लवकर आणि संततधार लागला, तर तो हंगाम आटोपता घ्यावा लागतो.

वर सरकण्याबद्दल सांगायचे, तर तिथे मळे सुमारे ६०० ते २,००० मीटरपर्यंत आधीच पसरलेले आहेत आणि त्यावर राखीव जंगल व वस्ती आहे. शिवाय ‘दार्जिलिंग’ हे भौगोलिक मानांकन ठरावीक ८७ मळ्यांपुरतेच आहे. कोकणातल्या हापूसप्रमाणेच इथेही नाव मातीला बांधलेले आहे. जागा बदलली की नावही जाते.

निळाडोंगर
वरील माहिती मोलाची आहे, पण सगळा भार हवामानावर टाकणे मला पटत नाही. १९९०च्या सुमारास दार्जिलिंगचे उत्पादन वर्षाला सुमारे १.४ कोटी किलो होते, ते २०२४ मध्ये ६० लाख किलोंच्याही खाली आले. या घसरणीत शंभर वर्षांहून जुनी झुडपे, कामावर येणाऱ्या माणसांची घट आणि स्वतंत्र गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी झालेला २०१७ चा १०४ दिवसांचा बंद या सगळ्यांचा वाटा आहे. त्या वर्षी झुडपे न खुडता रानटी वाढली होती.

मी निलगिरीत राहतो. आमच्याकडे चिंता दवाच्या गोठण्याची आहे. निरभ्र रात्री खोलगट भागात पाने गोठतात आणि सकाळचे ऊन पडताच करपून काळी होतात. २०१९ च्या जानेवारीत शेजारच्या मुन्नारमध्येही पारा शून्याखाली गेला होता. केवळ ‘तापमानवाढ’ म्हटले की हा प्रकार नजरेआड होतो.

सातारकर
दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका उरते: ठिबक सिंचनाने हे निभावणार नाही का?

डोंगरउतार
निळाडोंगर यांचा मुद्दा मान्य आहे. जुन्या झुडपांचा प्रश्न हवामानाशी जोडूनच पाहावा लागतो. बियांपासून वाढलेल्या जुन्या चिनी झुडपांचे सोटमूळ खोल जाते, म्हणून ती कोरडे महिने सोसतात. त्यांच्या जागी लावलेल्या कलमी रोपांना सोटमूळ नसते. ती पहिल्याच कोरड्या हंगामात माना टाकतात. म्हणजे पुनर्लागवड हवी आणि नेमकी तीच अवघड झाली आहे. ठिबकला पाणी लागते, आणि ते ‘झोरा’ म्हणजे डोंगरी ओढ्यांतून येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओढ्याची धार करंगळीएवढी होते, आणि त्यावर पहिला हक्क मळ्यातल्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा असतो. त्यामुळे आम्ही ठिबक फक्त रोपवाटिकेत आणि दोन वर्षांखालच्या रोपांना देत होतो; बाकीच्या उतारावर ग्वाटेमाला गवत कापून झुडपांच्या बुंध्याशी जाड पसरत होतो. गवताखाली हात घातला की मार्चअखेरीसही माती ओलसर लागत असे.