नवा कॅटफिश सोडण्याआधी टँकमधले दगड हलवावेत का?

दगडधोंडे: मित्राच्या चार फुटी टँकमध्ये वीतभर लांबीचा फेदरफिन सिनोडोंटिस जातीचा कॅटफिश आहे. त्यात त्याच जातीचं बोटभर पिल्लू सोडलं. दिवसभर सगळं शांत. दिवा मालवल्यावर थोरल्याने त्याला हीटरमागे कोंडलं. सकाळी शेपटीची कड कुरतडलेली. माझं मत: आतली सगळी मांडणी मोडा. जुन्याची हद्दच पुसली की दोघेही सारखेच उपरे.

काचेपलीकडे: असहमत. दगड हलवून दोन-तीन रात्री निभतात, फार तर. फेदरफिन २० सेंटीमीटर सहज गाठतो आणि मोठा झाला की त्याला आपल्या जातीचा दुसरा सहसा खपत नाही. चार फुटांत एकच ठेवावा. ‘एकटा पडलाय बिचारा’ हे कोरीडोरास या छोट्या कॅटफिशबद्दल म्हणा, त्यांना पाच-सहांची टोळी लागते.

मिशाळ: सगळे सिनो (सिनोडोंटिस) एका माळेत ओवू नका. उलटा पोहणारा सिनो १० सेंटीमीटरच्या आसपास थांबतो आणि कळपात मजेत राहतो. तिथे दोनच ठेवले तर सगळा मार एकावर, सहा ठेवले की वाटला जातो. फेदरफिनला मात्र हा हिशोब लावू नये, एवढा टँक आणणार कुठून?

दगडधोंडे: म्हणजे भांडण जागेचंच ना? मग माशांपेक्षा गुहा जास्त ठेवा, एकीच्या तोंडातून दुसरी दिसणार नाही अशा. बुडणारं खाद्य दोन टोकांना टाका, तेही दिवा घालवल्यावर.

काचेपलीकडे: दहा गुहा ठेवल्या तरी थोरला दहाही आपल्याच समजेल. आधी पिल्लाला वेगळं करा. आणि पकडायला जाळं नको! कल्ल्यामागचा काटा ताठ होतो, त्याला दाते असतात. जाळ्यात असा गुंततो की शेवटी जाळंच कापावं लागतं. डब्याने काढा.

मिशाळ: आधी मंद लाल उजेडात रात्री बघा तरी. गुहेच्या तोंडापर्यंत हुसकावून परत फिरत असेल तर चालू द्या. टँकभर पाठलाग होतोय, नवा पृष्ठभागाशी लटकलाय, तर लगेच काढा.

दगडधोंडे: शेपटी कुरतडली आहे, म्हणजे बघण्यात वेळ घालवायला नको. मध्ये जाळीचा पडदा लावायला सांगतो. शेपटी भरून आली की दगड हलवून पडदा काढू.

काचेपलीकडे: पडद्याला हरकत नाही, फक्त फिल्टरचा प्रवाह दोन्हीकडे पोचतोय ना ते बघा. पडदा काढायच्या दिवशी मात्र पिल्लासाठी दुसरा टँक तयार ठेवा, लागणार आहे.