मदत हवी आहे: बर्क कुठून सुरू करावा?

पदवीच्या मुलांसाठी परंपरावादी विचारावर चार बैठकांचं वाचन आखतोय. अडचण एडमंड बर्क या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश खासदार-विचारवंताच्या, फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या ग्रंथाची (१७९०). मुळात ते एक लांबलचक पत्र. प्रकरणं नाहीत, मथळे नाहीत, मुलं मध्येच गळतात. शिवाय तेवढंच वाचलं की बर्क म्हणजे राजेशाहीचा भाट, असा समज होतो. म्हणून आधी १७७४ चं ब्रिस्टॉलचं भाषण (खासदाराने मतदारांचं ऐकावं की स्वतःची बुद्धी चालवावी?), मग १७७५ चं अमेरिकन वसाहतींशी समेटाचं, तिसऱ्या बैठकीत ग्रंथातला पिढ्यांच्या भागीदारीचा (समाज म्हणजे गेलेल्या, आजच्या आणि येणाऱ्या पिढ्यांमधली भागीदारी) उतारा, शेवटी क्रांतीचा समर्थक लेखक थॉमस पेनचं बर्कला १७९१ चं उत्तर.

बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर बर्कने संसदेत चालवलेला महाभियोग कुठे बसवू? आपल्या मुलांना तोच जवळचा, पण १७८८ चं सुरुवातीचं भाषणच चार दिवस चाललं होतं! कुणी शिकवलं असल्यास नेमका कुठला भाग घेतलात?