विषय: वॉशिंग्टनला गेलेली तीन विमानं

गुरुवार, २० नोव्हेंबर २००८
प्रेषक: अ., कँटन

नमस्कार मंडळी,

कालची सुनावणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑफिसात तुकड्यातुकड्यानं पाहिली असेल. मी सध्या घरीच असल्यामुळे मंगळवारची सिनेटची आणि कालची हाउसची, दोन्ही पूर्ण बघितल्या. डेट्रॉइटच्या तीन गाडी कंपन्यांचे प्रमुख, म्हणजे जीएमचे (जनरल मोटर्सचे) वॅगनर, फोर्डचे मुलाली, क्रायस्लरचे नार्डेली, आणि वाहन कामगारांच्या युनियनचे (यूएडब्ल्यूचे) गेटलफिंगर एका टेबलाशी बसले होते. मागणी सरकारकडे, २५ अब्ज डॉलरच्या कर्जाची.

हाउसमधले कॅलिफोर्नियाचे खासदार ब्रॅड शर्मन यांनी विचारलं, इथं तिकीट काढून साध्या विमानानं कोण आलं? हात वर करा. एकही हात वर झाला नाही. मग विचारलं, आलेलं विमान विकून परत जाताना साध्या विमानानं कोण जाणार? तेव्हाही नाही. तिघे तीन वेगवेगळ्या खासगी विमानांनी आले होते, एकाच गावातून, एकाच गावाला, एकाच कामासाठी. एबीसीच्या बातमीप्रमाणे जीएमच्या विमानाची ती फेरी साधारण २०,००० डॉलरची. नॉर्थवेस्टचं तिकीट त्याच मार्गावर २८८ डॉलरला मिळत होतं.

मला राग का आला ते सांगतो. मी ज्या सप्लायर कंपनीत होतो तिथं जूनपासून काटकसर सुरू झाली. आधी रंगीत प्रिंट बंद. मग ४०१के मधला, म्हणजे निवृत्तीच्या बचतीतला, कंपनीचा वाटा बंद. ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी गेलो तर कॉफीचं मशीन नाही. ओट्यावर ते जिथं होतं तिथं फिकट चौकोन तेवढा राहिला होता. कोणी तक्रार केली नाही. घरून थर्मास आणायला लागलो. वाटायचं, एवढ्यानं कोणाची नोकरी वाचणार असेल तर वाचू दे. ऑक्टोबरात आमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांना एकाच दिवशी खोके देऊन बाहेर काढलं, त्यात मी होतो. आता दर पंधरवड्याला बेकारी भत्त्यासाठी मार्विनला, म्हणजे राज्याच्या फोन-यंत्राला, फोन करतो आणि यंत्राच्या प्रश्नांना आकडे दाबून उत्तरं देतो.

कॉफी सोडायला आम्हाला कोणी विनवावं लागलं नाही. मग विमान सोडायला त्यांना काँग्रेसच्या समितीनं का विचारावं लागतं?

अ.

*

गुरुवार, २० नोव्हेंबर २००८, रात्री
प्रेषक: म., नोवाय

अ.,

तुझी नोकरी गेल्याचं मला या मेलमधून कळतंय, याचं फार वाईट वाटलं. फोन करायला हवा होतास. उद्या मी करतो.

पण विमानांबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो, कारण मी अजून या तीन कंपन्यांपैकी एकीत इंजिनियर आहे आणि आमच्या मजल्यावर काल कोणाच्या तोंडाला चव नव्हती.

जीएमकडे सप्टेंबरअखेर १६.२ अब्ज डॉलर रोख होते. तीन महिन्यांत ६.९ अब्ज गेले. कंपनी चालू ठेवायलाच किमान ११ ते १४ अब्ज हाताशी लागतात. ऑक्टोबरात जीएमची अमेरिकेतली विक्री मागच्या वर्षीपेक्षा ४५ टक्क्यांनी पडली, क्रायस्लरची ३५, फोर्डची ३०. लोकांना गाड्या नकोत असं नाही, कर्ज मिळत नाही. या खड्ड्यापुढे २०,००० डॉलर म्हणजे काय? दात कोरून पोट भरत नाही.

वॉल स्ट्रीटला ७०० अब्जांचा कायदा करून दिला तेव्हा बँकवाले कशात बसून आले हे कोणी विचारलं नाही. एआयजी या विमा कंपनीला सरकारनं वाचवल्यावर आठवड्याभरात त्यांचे लोक कॅलिफोर्नियाच्या रिसॉर्टवर ४,४०,००० डॉलर खर्चून आले. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? मिशिगन. इथं माणसं हातानं काहीतरी बनवतात, म्हणून त्यांना उभं करून हात वर करायला सांगितलं जातं. आपल्याच गावावर आपण दगड मारायचे का?

पुण्याहून मेहुण्याचा फोन होता. तळेगावला जीएमचा नवा प्लांट सप्टेंबरात सुरू झाला, त्याच्या ओळखीची पोरं तिथं लागली आहेत. "तुमची हेडऑफिसची कंपनी बुडाली तर आमच्या पोरांचं काय?" त्याला मी काय सांगू?

म.

*

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २००८
प्रेषक: कार्यकारिणी

सभासदहो, चर्चा जरूर करा, शब्द सांभाळून करा. शनिवारी सकाळी दहा वाजता लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये नोकरी गेलेल्यांसाठी बसत आहोत. रेझ्युमेच्या दोन प्रती आणा. कोणालाही एकटं यायला संकोच वाटत असेल तर कळवा, घ्यायला येऊ.

*

रविवार, २३ नोव्हेंबर २००८
प्रेषक: काका, रोचेस्टर हिल्स

सर्वांस सप्रेम नमस्कार.

चि. म. यांनी आकडे बरोबर दिले आहेत. तरीही मी चि. अ. यांच्या बाजूने लिहीत आहे, कारण हा प्रसंग मी एकदा पाहिलेला आहे.

१९७९ साली क्रायस्लर बुडत होती तेव्हा मी हायलंड पार्कला तिच्याच नोकरीत होतो. इथे येऊन सहा वर्षे झाली होती, थोरला मुलगा बालवाडीत होता. कंपनीचे प्रमुख आयाकोका वॉशिंग्टनला गेले ते रोख पैसे मागायला नव्हे, दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला सरकारने जामीन राहावे म्हणून. तेव्हाही टीका काही कमी झाली नाही. पण त्यांनी स्वतःचा वर्षाचा पगार एक डॉलर केला. वरच्या अधिकाऱ्यांचे पगार कापले. मग ते युनियनकडे गेले. युनियनने सवलती दिल्या आणि युनियनचे अध्यक्ष डग फ्रेझर संचालक मंडळावर आले. कंपनीचे विमानही विकावे लागले. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. १९८३ मध्ये कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले, आणि सरकारला वॉरंटमधून, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कातून, वर तीस कोटींहून अधिक डॉलर मिळाले.

मी तुम्हाला क्रम पाहायला सांगतो. आधी स्वतःचे, मग अधिकाऱ्यांचे, मग कामगारांचे. एक डॉलरने क्रायस्लर वाचली नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पगारकपातीचा कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो वाचून लगेच सही केली आणि घरी येऊन बायकोला सांगितले की आता वर्षभर भारतात जाणे नाही. तिने विचारले, साहेबाचेही कापले का? मी म्हटले, त्याचे आधी. त्यावर ती काही बोलली नाही, प्रवासासाठी आणलेली बॅग माळ्यावर ठेवून दिली.

बुधवारी मुलाली यांना एका डॉलरवर काम कराल का असे विचारले, तेव्हा आहे तिथे ठीक आहे असे ते म्हणाले. त्यांना २००७ मध्ये एकूण दोन कोटी सोळा लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. २००६ मध्ये त्यांनी कंपनीचे निळे बोधचिन्हसुद्धा गहाण टाकून २३ अब्जांवर कर्ज उभे केले, म्हणून आज फोर्डची स्थिती इतर दोघांपेक्षा बरी आहे. यंदा जग्वार आणि लँड रोव्हर टाटांना विकले तेही याच शहाणपणातून. जो माणूस घरची भांडी वेळेवर विकतो त्याला विमान तेवढे कसे दिसले नाही, हे मला कळत नाही.

आपला,
काका

*

शुक्रवार, ५ डिसेंबर २००८
प्रेषक: ताई, स्टर्लिंग हाइट्स

मंडळी,

मुंबईच्या बातम्यांत मागचा आठवडा गेला. माझी मावशी सीएसटीजवळ राहते, ती सुखरूप आहे. ज्यांनी विचारपूस केली त्यांची मी ऋणी आहे. आता या विषयावर.

तिघे या खेपेला गाडीनं गेले. वॅगनर मालिबू हायब्रिडमध्ये, मुलाली एस्केप हायब्रिडमध्ये, नार्डेली अ‍ॅस्पेन हायब्रिडमध्ये. सव्वापाचशे मैल. आपण सगळेच मुलांना घेऊन तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून जातो त्या रस्त्यानं, ब्रीझवूडला पेट्रोल भरत. फोर्ड पाच विमानं विकणार आहे. वॅगनर आणि मुलाली आता एका डॉलरला तयार आहेत, नार्डेली तर पहिल्या सुनावणीतच तयार होते. मधल्या काळात जीएमनं मात्र आपल्या विमानाचा माग लोकांना दिसू नये अशी विनंती एफएएला, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याला, केली होती, ती बातमी वाचून मला फार लागलं. आणि मागणी २५ वरून ३४ अब्जांवर गेली.

काका, तुमची मेल मी दोनदा वाचली. तुम्ही क्रम म्हणालात तो मला रोज दिसतो, फक्त फार लहान जागी.

मी मॅकॉम काउंटीतल्या प्लास्टिकच्या भागांच्या शॉपमध्ये हिशेब बघते. साठेक माणसं. आमचा माल पोचल्यावर पैसे यायला दीड-दोन महिने लागतात. नव्या भागाचा साचा करायचा तर साचेवाल्याला पैसे आम्ही आधी देतो आणि आम्हाला मिळतात ते भाग मंजूर झाल्यावर. म्हणजे या क्षणी आमचे जे पैसे मोठ्या कंपन्यांकडे अडकलेत ते आम्ही त्यांना दिलेलं कर्जच आहे, त्यासाठी आम्हाला कोणी सुनावणीला बोलावत नाही. त्यातली एक जरी दिवाळखोरीत गेली तर आम्ही पंधरा दिवस तग धरणार नाही.

दर दुसऱ्या गुरुवारी मी पगाराचे चेक छापते. मालकांचा चेक सगळ्यात वर असतो. ते सगळ्यांचे सही करून मला परत देतात आणि स्वतःचा ड्रॉवरमध्ये टाकतात. मला कधी काही बोलले नाहीत. मला कळलं ते महिन्याचा बँकेचा मेळ लावताना. न वटलेल्या चेकांच्या यादीत त्यांचंच नाव पुन्हा पुन्हा. सप्टेंबरपासून सात झाले. मी विचारलं तर म्हणाले, राहू दे, तारीख जुनी झाली की रद्द कर.

म. दादा, हे त्यांनी शॉपमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. तरी गेल्या महिन्यात तासांची कपात जाहीर केली तेव्हा मशीनवरचा एकही माणूस चिडला नाही. लोकांना न सांगता कळतं. आणि तुम्ही म्हणता तसं दात कोरून पोट भरत नाही हे खरंच आहे. सात चेकांनी आमचं शॉपही तरणार नाही. पण त्यांनी तास कापायला सांगितले तेव्हा त्यांच्याकडे बघायला कोणाला जड गेलं नाही.

ताई

*

शुक्रवार, १२ डिसेंबर २००८
प्रेषक: म., नोवाय

ताई, काका, अ.,

काल रात्री सिनेटमध्ये १४ अब्जांचं बिल अडलं. ५२ विरुद्ध ३५, साठ हवे होते. हाउसनं बुधवारी २३७ विरुद्ध १७० नं मंजूर केलं होतं. गाडं कुठं अडलं बघा. कामगारांचे पगार पुढच्याच वर्षी टोयोटा-होंडाच्या इथल्या प्लांटइतके करा, या एका अटीवर. युनियन २०११ म्हणत होती.

आमच्या लाइनवर २००७ च्या करारानंतर लागलेली मुलं तासाला १४ डॉलरवर आहेत. त्यांच्या शेजारी तेच काम करणारा जुना माणूस त्याच्या जवळपास दुप्पट घेतो आणि दोघं एकाच टेबलावर डबा खातात. त्या टेबलावरून अजून उचलायला सांगतायत. आणि सांगताना प्रत्येकाच्या तोंडी अजूनही ती तीन विमानं आहेत. आज सकाळी रेडिओवर अलाबामाचा एक माणूस म्हणाला, विमानातून भीक मागायला येणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. त्याला चौदा डॉलरचा पोरगा दिसतच नाही, विमान दिसतं.

मी विमानाचा खर्च मोजत होतो. खर्च मोजायचाच नव्हता. त्या विमानांनी आमच्या विरोधकांच्या हाती कोलीत दिलं आणि आता घर आमचं जळतंय. अ., मी त्या रात्री तुला जे लिहिलं त्यातलं वॉल स्ट्रीटबद्दलचं मी आजही मागे घेत नाही. बाकीचं मागे घेतो.

म.

*

शनिवार, २० डिसेंबर २००८
प्रेषक: अ., कँटन

नमस्कार,

काल सकाळी बुश यांनी जाहीर केलं ते सगळ्यांनी ऐकलंच असेल. बँकांसाठीच्या निधीतून १७.४ अब्ज, त्यातले १३.४ लगेच, जीएम आणि क्रायस्लरला. फोर्ड सध्या घेत नाही. ३१ मार्चपर्यंत कंपनी तगेल हे दाखवायचं, नाहीतर पैसे परत.

अटींचा कागद मी शोधून वाचला. वरच्या अधिकाऱ्यांच्या पगार-बोनसवर मर्यादा, जाताना मोठी थैली द्यायची नाही, आणि खासगी विमानं काढून टाकायची. जे आपणहून करता आलं असतं ते आता करारात लिहून द्यावं लागलं. त्याच कागदात कामगारांच्या पगाराचंही लक्ष्य लिहिलंय, पुढच्या वर्षाअखेरचं.

म. दादा, तुमच्या फोनचा उपयोग झाला. सोमवारी वॉरनला मुलाखत आहे. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, विमा नाही, पण मी घेईन.

ताई, तुमच्या मालकांचं काय?

अ.

*

शनिवार, २० डिसेंबर २००८, दुपारी
प्रेषक: ताई, स्टर्लिंग हाइट्स

अ.,

परवा आठवा चेकही ड्रॉवरमध्ये गेला. काल बातमी आल्यावर मालक शॉपमध्ये फिरून प्रत्येक मशीनपाशी थांबले, जानेवारीचं शेड्यूल सांगितलं. दोन आठवडे बंद, मग बघू.

साचेवाले आमचे एक आहेत, त्यांना क्वालिटीचा माणूस लागेल असं कानावर आलंय. तुझा रेझ्युमे आजच पाठव, मी सोमवारी सकाळी त्यांच्याकडे देते. वॉरनचं झालं तरी पाठव.

ताई