स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना निवासी केंद्रात ठेवण्याआधी काय पाहावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना अल्झायमर आहे. आम्ही पुण्यात राहतो. आजवर त्यांची सगळी देखभाल सासरे आणि ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी मिळून करत आले आहेत. हल्ली मात्र दुपार कलली की सासूबाई साड्यांचे गाठोडे बांधतात आणि ‘कराडला जायचंय, आई वाट बघत असेल’ म्हणत दाराची कडी काढू लागतात. एकदा पहाटे त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर सापडल्या. रोजच्या जागरणाने सासऱ्यांचा रक्तदाब आटोक्यात राहत नाही आणि मावशीही टिकत नाहीत. डॉक्टरांनी निवासी केंद्राचा विचार करायला सांगितले आहे. नणंदेची तयारी आहे, पण ‘इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला परक्यांत कशी ठेवू’ या सासऱ्यांच्या प्रश्नापुढे आम्ही गप्प होतो. केंद्र कसे पारखावे, त्यांना काय सांगून न्यावे आणि पेन्शन, बँक वगैरे कामांचे काय करावे, हे अनुभवींनी कृपया सांगावे.

सांजवेळ:
माझे वडील अशाच एका केंद्रात आहेत. केंद्र पाहायला संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान जावे, कारण या आजारात बहुतेकांची घालमेल त्याच वेळी वाढते आणि तेव्हा तिथल्या मावशी चिडलेल्या माणसाशी कशा बोलतात हे डोळ्यांनी दिसते. ‘आमच्याकडे चोवीस तास माणसे असतात’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. रात्री किती जण जागे असतात, ते किती रुग्णांना पाहतात आणि कोणाला खाटेला बांधले जाते का, हे स्पष्ट विचारावे.

‘तुमच्या आई केव्हाच गेल्या’ असे सासूबाईंना कृपया सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते आणि दुःखही तितकेच नवे असते. ‘आई संध्याकाळी काय करायच्या हो?’ असे विचारले तर त्या बोलू लागतील आणि पाय दारापासून वळतील. हीच माहिती, म्हणजे त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहात साखर किती, आंघोळ आधी की देवपूजा, हे सारे एका कागदावर लिहून केंद्रातल्या मावशींच्या हाती द्यावे. ऑफिसच्या फाइलमध्ये तो कागद पडून राहतो.

परिचारिका, नाशिक:
हलवण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करावी. रात्रीची अस्वस्थता अलीकडे अचानक वाढली असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग कित्येकदा तापाशिवाय, केवळ वाढलेल्या गोंधळातून प्रकट होतो. बद्धकोष्ठता, दुखरा दात किंवा नव्याने सुरू झालेली गोळी यांनीही तसेच घडते. उपचाराने त्या थोड्या शांत झाल्या, तरी सासऱ्यांचे वय पाहता केंद्राचा विचार सोडावा असे मी म्हणणार नाही. मात्र निर्णय घाबरून घेतला जाणार नाही.

केंद्रात गेल्यावर शांत राहण्यासाठी औषध सुरू केले, तर कोणते, कशासाठी आणि किती दिवस, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती कमीत कमी मात्रेत आणि ठरावीक मुदतीने फेरविचार करून द्यायची असतात. काही केंद्रे सुरुवातीचे दिवस घरच्यांना भेटू देत नाहीत. मला हा नियम सरसकट पटत नाही. सासऱ्यांनी रोज दुपारी त्यांच्याबरोबर जेवावे, अशी मुभा आधीच मागून घ्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या जेवणातच आहे.

निवृत्त बँक अधिकारी:
कागदपत्रांबाबत एक गैरसमज फार आढळतो. मुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले, असे लोक मानतात. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारी संपते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, ती २०१७ च्या कायद्यात राहिली नाही. त्यामुळे घर किंवा मोठी ठेव त्यांच्या एकटीच्या नावावर असेल, तर आत्ताच वकिलांना भेटावे. अशा प्रकरणांत अनेक कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले आहे. पेन्शन मिळत असेल, तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल सुविधेने केंद्रातूनही देता येतो.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. लघवीची तपासणी उद्याच करून घेते, आणि केंद्र पाहायला सासऱ्यांनाही सोबत नेणार आहोत. एका ठिकाणी मोठी अनामत रक्कम मागत आहेत. ती द्यावी का?

सांजवेळ:
परताव्याची अट लेखी असल्याशिवाय देऊ नये. रुग्णालयात दाखल करावे लागले तर त्या काळाचे शुल्क किती, सोबत केंद्राचे माणूस येते का, आणि आजार वाढल्यावर ‘आता घेऊन जा’ असे कोणत्या स्थितीत सांगितले जाते, हेही करारात लिहून घ्यावे. आमच्याकडे हा शेवटचा मुद्दा तोंडीच राहिला होता आणि पुढे त्यावरूनच वाद झाला.