सातबारावर तिचं नाव? (अनुभव धागा)

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहात आठ वर्षं झाली, पण याच राज्यातल्या बिॲट्रिस गावचं होमस्टेड पार्क परवा पाहिलं. १८६२चा होमस्टेड कायदा: थोडी फी भरा, सरकारी १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, जमीन तुमची. एकटी, विधवा, घटस्फोटित बाईलाही अर्ज करता यायचा. नवऱ्याबरोबर नांदणारीला मात्र सहसा नाही! या माळावर राहिलेल्यांनी, किंवा घरात नवी जमीन वसवलेली आजी-पणजी असलेल्यांनी लिहा. ऐकीवही चालेल.

सदाफुली, लिंकन
आमची घरमालकीण ८६ वर्षांची. तिच्या आजीचं घर मातीच्या ढेपांचं, गवताच्या मुळांसकट नांगरून काढलेल्या. झाडच नाही तर लाकूड कुठलं? पाऊस थांबला तरी छत गळतच राहायचं. आढ्याखाली मांजरपाट ताणलेलं, त्यात माती पडायची, कधीमधी सापही. सरपण म्हणजे वाळलेलं शेण. नवी नवी असताना आजी ते काटक्यांनी उचलायची, मग फडक्यानं, मग हातानं, आणि शेवटी शेवटी चुलीत शेण सारलेले हात तसेच कणकेत. हे सांगताना म्हातारी लाजली. मी म्हटलं, आमच्याकडे भिंतीवर थापतात, वर पाच बोटं उठतात. तर म्हणे, फोटो दाखव!

कोरडवाहू
मी कस्टर काउंटीत दोन वर्षं नोकरीला होतो. तिथल्या ढेपांच्या घरांचे फोटो सॉलोमन बुचरनं १८८६पासून काढले. एका फोटोसाठी हिल्टनबाईंनी बाजाची पेटी अंगणात आणवली आणि तिच्याशेजारी फोटो काढून घेतला. माहेरच्या लोकांना पेटी दिसावी, घर नको. दुसऱ्या फोटोत क्रिसमन बहिणी, चौघी. थोरल्या लिझीनं १८८७मध्ये अर्ज केला, दुसरीनं पुढच्या वर्षी. राहण्याची अट पाळायला एकमेकींच्या घरी पाळीपाळीनं मुक्काम. धाकट्या वयात येईपर्यंत १८९२ उजाडलं, आणि सगळ्यात शेवटी जिची पाळी आली तिला जमीनच उरली नव्हती.

कोयनाकाठ
आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. आजी भात-नाचणीची, पाऊस अंगावर वाढलेली. जमीन मिळाली सोलापूर जिल्ह्यात. पहिल्या दिवशी ती सरपणाला निघाली आणि रिकाम्या हातानं परतली. तिला कळेना, इथली माणसं चुलीत घालतात काय? शेजारणीनं तुरकाट्यांचा भारा आणून टाकला. तिला पुरणपोळी कधी जमली नाही, पण त्या बाईच्या घरी सणाला तांदळाची भाकरी जायची ती शेवटपर्यंत. जमीन आजोबांच्या नावावर. दगड वेचले तिनं.

वाटसरू
एक खोडा घालतो. ती १६० एकर रिकामी नव्हती. बिॲट्रिसच्या आसपास ओटो-मिसुरिया ही तिथली मूळ जमात होती, त्यांना पुढे ओक्लाहोमात हलवलं. त्यांच्या आज्यांचाही धागा काढा.

धागाकर्ती
बरोबर, मूळ पोस्टमध्येच यायला हवं होतं. कोयनाकाठ, तुमची आजी तर दोन्हीकडची झाली, उठवलेली आणि वसवलेली. नव्या घरासमोरचा फोटो आहे का तिचा?

कोयनाकाठ
घरासमोरचा नाही. एकच आहे, पासपोर्ट साइज. आजोबा गेल्यावर वारसनोंदीच्या कागदांसाठी काढलेला.