कॉयरच्या पुढं उभा राहतो त्याला मराठीत काय म्हणायचं?

पूर्णाकाठ

मंडळी, एका शब्दापाशी काम अडलंय. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी संगीतशिक्षणावर एक पुस्तिका करतोय. तिच्यातला झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्यावरचा लेख मराठीत आणायचं काम माझ्याकडं आहे. हे हंगेरीचे संगीतकार. बेला बार्तोक या दुसऱ्या हंगेरियन संगीतकारासोबत खेडोपाडी फिरून त्यांनी लोकगीतं गोळा केली. पुढं आयुष्यभर त्यांनी एकच आग्रह धरला, की मुलांच्या हाती वाद्य द्यायच्या आधी त्यांचा गळा तयार करा, तो सगळ्यांनी मिळून गाऊन करा, आणि सुरुवात आपल्या मातीतल्या गाण्यांनी करा. १९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केच्केमेतला, गाण्यावरच बेतलेली प्राथमिक शाळा निघाली.

लेखात ‘कॉयर कंडक्टर’ पानोपानी येतो. कॉयर म्हणजे मिळून गाणाऱ्यांचा मेळ. मी ‘कंडक्टर’ तसाच ठेवून पहिला खर्डा वाचून दाखवला, तर पाथरीच्या एका बाईंनी विचारलं, “एसटीचा का?” त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मग ‘समूहगान दिग्दर्शक’ केलं, तर संपादकांनी खोडून ‘वृंदगान संचालक’ लिहिलं. दिग्दर्शक म्हटलं की सिनेमा आठवतो आणि संचालक म्हटलं की कारखान्याची निवडणूक.

खरी अडचण अशी की हा माणूस स्वतः गात नाही. समोर उभा राहून नुसत्या हातांनी लय देतो, श्वास कुठं घ्यायचा ते सांगतो, आवाज चढवतो, उतरवतो. आपल्याकडं या कामाला शब्द आहे का?

भाषाव्रती

‘वृंदनिर्देशक’. शब्द घडवायला सोपा आणि अर्थाला चोख. १९५२ मध्ये आकाशवाणीनं ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा त्याचं नाव ‘वाद्यवृंद’ ठेवलं. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर त्याचे पहिले धुरीण होते. तेव्हा लोकांना तो शब्द नवाच होता, आज कुणालाही कळतो. लिहिणाऱ्यांनी वापरला की शब्द रुळतो.

बालाघाट

अंबाजोगाईत बरीच वर्षं शाळेत गाणं शिकवलं, म्हणून लिहितो. शाळेत कुणी ‘वृंदगान’ म्हणत नाही, ‘समूहगीत’ म्हणतात. १५ ऑगस्टला समूहगीत, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला समूहगीत. बसवणाऱ्याला वेगळं नाव नसतंच. “समूहगीत कुणी बसवलं?” “गाण्याच्या सरांनी.” इतकंच.

एक मात्र विचारात घ्या. समूहगीत म्हणजे चाळीस पोरं एकाच सुरात गातात. कॉयर म्हणजे वरचे आवाज एक ओळ गातात, खालचे दुसरी, आणि दोन्ही मिळून तिसरंच काही उमटतं. आपल्याकडं ते मनावर घेऊन करणारे थोडे झाले. मद्रास यूथ कॉयर काढणारे एम. बी. श्रीनिवासन त्यातले एक. कलकत्त्यात १९५८ ला रुमा गुहा ठाकुरता यांनी कॉयर काढला, त्यात सलील चौधरींचा मोठा हात. दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्यांनी गांधर्व महाविद्यालयात वृंदगान रुजवलं. यातल्या प्रत्येकाला एकाच शब्दात बसवू नका. गाणं बसवणारा वेगळा आणि समोर उभं राहून चालवणारा वेगळा, जरी बहुधा माणूस एकच असला तरी.

देवगिरी

वृंद हा शब्द आकाशवाणीनं आणलेला नाही. तो आपल्याच मराठवाड्यात लिहिलेल्या ग्रंथात आहे. शार्ङ्गदेव देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी श्रीकरण, म्हणजे हिशेब-दफ्तराचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तेराव्या शतकात त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मेळाला वृंद म्हटलंय आणि माणसं मोजून दिलीत. उत्तम वृंदात मुख्य गाते ४, समगायन म्हणजे त्यांच्यासोबत गाणारे ८, गायनी म्हणजे गाणाऱ्या बाया १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. बेरीज ३२. मध्यम वृंद याच्या निम्मा, कनिष्ठ त्याहून लहान. आणि ३२ च्या वर माणसं गेली तर त्याला नाव दिलंय ‘कोलाहल’.

हिशेबनीस माणूस होता, आकडे चोख आहेत. ‘मुख्य गाता’ आणि ‘समगायन’ असे दोन शब्द आयते मिळतात. दौलताबादचा किल्ला रोज बघणाऱ्यांनी तरी ‘निर्देशक’ असा कोरा शब्द घडवत बसू नये.

पूर्णाकाठ

देवगिरी, हे फार मोलाचं दिलंत. पण शार्ङ्गदेवाचा मुख्य गाता गातो. माझा माणूस गात नाही.

जालनेकर

आमच्या चर्चमध्ये आजही ‘कॉयर’च म्हणतात. जालन्याला एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून इथं मिळून गाणं आहे. लिहिताना ‘गायकवृंद’ लिहितात, बोलताना कुणी तसं म्हणत नाही.

पण एक जुना शब्द सांगतो. मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहितेतल्या कितीतरी स्तोत्रांच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ‘मुख्य गवयासाठी’. म्हणजे हे स्तोत्र गाणाऱ्यांच्या प्रमुखाच्या हाती द्यायचं. लहानपणापासून तो शब्द मी कॉयरच्या पुढं उभ्या असलेल्या माणसालाच लावत आलो. देवगिरींचा मुख्य गाता आणि आमचा मुख्य गवई इतके जवळ आहेत हे वाचून आनंद झाला. ताई, तुम्ही ‘मुख्य गवई’ घ्या. पाथरीच्या बाईंनाही लगेच कळेल.

भाषाव्रती

गवई म्हणजे गाणारा. धातूच गै. न गाणाऱ्या माणसाला गवई म्हणणं म्हणजे शब्दाच्या अर्थालाच धक्का लावणं.

टाळकरी

राम कृष्ण हरी. बीडकडचा माणूस आहे. वरचं सगळं वाचलं, पण आपल्या घरात काय आहे ते कुणीच बघंना मनून लिहितो.

सप्ताहात कीर्तनाला मागं टाळकरी उभे असतात. महाराज अभंगाचा चरण घेतात आणि मागचे ध्रुपद धरतात. ‘ध्रुपद धरणं’ हा आमच्याकडचा रोजचा शब्द आहे. तुकोबारायांनी स्वतःचं शिक्षण कसं झालं ते सांगताना हेच म्हटलंय: ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’. पुढं गाणाऱ्याच्या मागं धृपद धरत धरत ते शिकले. तुमच्या कोदायसाहेबांचं मत यापेक्षा वेगळं आहे का? आधी मिळून गा, शिकणं त्यातूनच होतं.

आता न गाता चालवणारा. दिंडीत विणेकरी असतो, दिंडी त्याच्या मागं चालते, पण तोही गातो. चोपदार मात्र गात नाही. माउलींच्या पालखीत तळावर समाजआरतीला एवढ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग एकदम वाजत असतात. चोपदारानं चोप वर केला की सगळं जागच्या जागी थांबतं. इतक्या लोकांना एका हातानं गप करणारा माणूस तुमच्या लेखात आहे का, ते बघा.

बालाघाट

टाळकरीदादा, हे लाख बोललात. काठीचंच बोलायचं तर युरोपातही आधी काठीच होती. ज्याँ-बाप्तिस्त ल्यूली हा फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार जाड काठी जमिनीवर आपटून ठेका द्यायचा. ती पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो त्यातच गेला. हातातली बारीक छडी फार नंतरची.

भाषाव्रती

चोपदार हा शिस्त राखणारा मानकरी आहे. तो सूर-लय देत नाही. उपमा म्हणून ठीक, पुस्तिकेत पारिभाषिक शब्द म्हणून चालणार नाही.

निळी_पहाट

नांदेडहून. एवढी चर्चा झाली, पण मराठवाड्यात गावोगाव रोज रात्री मिळून गाणाऱ्यांचं नाव अजून आलं नाही. आमच्याकडं ‘गायन पार्टी’ असते. १४ एप्रिलच्या आगेमागे महिनाभर एकेका पार्टीला झोप नसते. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले, त्यांची गाणी ऐकून कितीतरी पार्ट्या उभ्या राहिल्या. त्याआधी जलसे होते. पार्टीत मुख्य गायक, पेटी, ढोलकी आणि मागं ‘कोरस’. “तू कुणाच्या पार्टीत आहेस?” “मामाच्या. कोरसला बसतो.” हे मी लहानपणापासून ऐकतोय. माझी आई कोरसला बसायची. ती कधीही ‘समगायन’ म्हणाली नाही आणि म्हणणार नाही.

पुस्तिका शिक्षकांसाठी आहे ना? त्यातले निम्मे शिक्षक याच पार्ट्यांमधून गाणं शिकलेले असतील. त्यांचा शब्द त्यांना द्या. कोरस, कोरसवाले, कोरस चालवणारा.

भाषाव्रती

कोरस हा परका शब्द आहे. रत्नाकरात तयार शब्द असताना तो पुस्तकात कशासाठी घ्यायचा? बोलीत काहीही चालतं, लेखनाची जबाबदारी वेगळी असते.

निळी_पहाट

पेटीही परकीच आहे. तुम्ही वर आकाशवाणीचा दाखला दिलात. त्याच आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला परकी म्हणून बाहेर काढलं आणि ती बंदी कित्येक वर्षं टिकली. पेटी गेली का? कीर्तनात, भजनात, पार्टीत, शाळेत, सगळीकडं तीच आहे, आणि शेवटी आकाशवाणीलाही तिला परत घ्यावं लागलं. ‘बोलीत काहीही चालतं’ असं म्हणू नका. आमच्या आया त्या बोलीत पहाटेपर्यंत गायल्या आहेत.

देवगिरी

दोघांनाही एक सांगतो. रत्नाकरात १२ गायनी आहेत, म्हणजे ३२ पैकी सगळ्यात मोठा गट बायांचा. पुढं संस्कृतचा आणि परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी हा आकडा कुठं सांगितल्याचं मला आठवत नाही. निळी पहाट यांच्या आई कोरसला बसायच्या, तर शार्ङ्गदेवाच्या हिशेबात त्यांची जागा पक्की आहे. ‘गायनी’ हा शब्द मला फार आवडतो.

पूर्णाकाठ

सगळं टिपून घेतेय. एक दुसरा शब्दही अडलाय, तो इथंच टाकते. कोदाय यांच्या पद्धतीत डो-रे-मी हे पाश्चात्त्य सरगमातले सूर हातानं दाखवतात. ‘डो’ला कमरेजवळ घट्ट मूठ. ‘मी’ला तळवा जमिनीकडं करून हात आडवा. ‘सोल’ला तळवा आपल्याकडं, बोटं समोर आडवी. ‘ला’ला मनगट वर आणि बोटं खाली सैल सोडलेली. जसजसा सूर चढतो तसतसा हात वर जातो. मुलं हाताकडं बघून गातात, पाटीवर काही लिहावं लागत नाही. याला ‘हस्तमुद्रा’ म्हणावं, ‘हस्तसंकेत’ की ‘हातखुणा’?

जालनेकर

हे मूळ हंगेरीचं नाही. जॉन कर्वेन (१८१६–१८८०) या इंग्लंडच्या पाद्र्यानं ‘टॉनिक सोल्फा’ ही डो-रे-मी म्हणत गाणं शिकवायची पद्धत पसरवली. त्यानं ती नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेकडून उचलली होती आणि हातखुणा त्याच्या. यात ‘डो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो, अगदी आपल्या ‘सा’सारखा. म्हणून आपल्या मुलांना ते लवकर जमेल. मुद्रा म्हटलं की नाच डोळ्यापुढं येतो. ‘हातखुणा’च बरा.

बालाघाट

हातखुणा. माझंही मत तेच. विष्णू दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा वर्गात एकदम पुष्कळ जणांना शिकवायचा प्रश्न त्यांच्यापुढंही होताच. त्यांनी स्वरलिपीची वाट धरली. खुणांची वाट आपल्याकडं कुणी फारशी चालली नाही.

खुलताबाद_रोड

मी उशिरा आलो. घरी दखनी, शाळा मराठी, त्यामुळं दोन्हीकडचं सांगतो. उरुसात कव्वालीच्या फलकावर मुख्य कव्वालाच्या नावापुढं लिहितात, ‘व हमनवा’. म्हणजे त्याच्यासोबत गाणारे, टाळ्या देणारे. नवा म्हणजे सूर, आवाज. फारसीतला ‘हम’ आणि संस्कृतातला ‘सम’ एकाच मुळाचे, स चा ह झालेला, जसं सप्ताहचं हफ्ता. म्हणजे शार्ङ्गदेवाचा समगायन आणि आमचा हमनवा अर्थानंही एक आणि निम्मे शब्दानंही एक. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यात अंतर तरी किती आहे!

आणि एक. शाहिराच्या मागं झीलकरी असतात, त्यांचा उल्लेख अजून कुणी केला नाही. झील हा शब्दही माझ्या मते फारसीतून आलाय. ज़ीर-ओ-बम म्हणतात, ज़ीर म्हणजे उंच बारीक सूर आणि बम म्हणजे खर्ज. ज़ीरचं झील झालं.

टाळकरी

खुलताबादभाऊ, हमनवाचं पटलं. झीलचं पटत नाही. शाहीर ओळ टाकतो, मागचे ती झेलतात, जी जी करून परत देतात. झेलणं यावरून झील. इतकं सरळ असताना इराणला कशाला जायचं?

खुलताबाद_रोड

झेलण्यावरून ‘झेल’ होतो, आणि तो मराठीत आहेच. मग ‘झील’ वेगळा कशासाठी? नगाऱ्याच्या जोडीत मोठा नगारा धीरगंभीर बोलतो आणि लहान, उंच आवाजाचा, त्याला राजस्थानाकडं झील म्हणतात. त्याला कोण काय झेलतंय? तिथं उंच सूर हाच अर्थ आहे.

निळी_पहाट

शाहिरीत मला खुलताबाद यांचं पटतं. झीलकऱ्यांचं ‘जी जी’ शाहिराच्या वर चढतं, तार सप्तकात जाऊन टिकतं. तमाशात सूर धरणारा ‘सुरत्या’ वेगळा असतो आणि झीलकरी वेगळे. दोघांचं काम एकच असतं तर दोन शब्द कशाला राहिले असते?

टाळकरी

आमच्या भागात भजनात मागच्यांना झील म्हणणारी जुनी माणसं मी पाह्यलीत, आणि ते मागचे खालच्या सुरातच धरतात. वर चढणारा एखादाच असतो. तेव्हा उंच सुराचं काही खरं नाही.

बालाघाट

टाळकरीदादा, ते भजन कुठल्या पट्टीत चालतं? पेटीवरच्या पांढरी चारच्या वर, म्हणजे उंच, पट्टी असेल तर मागचे नाइलाजानं खाली येतात. खालच्या काळी एकला गाताना ऐकलंय का कधी? गाव सांगा, मी येऊन ऐकतो.